यंत्रावरील लेख आणि त्याचे स्थान : घरगुती आर्केड कपाटाच्या दुय्यम पडद्याविषयी

१. विषयाचे स्वरूप

नाणे टाकून खेळावयाचे व्हिडिओ खेळ ज्या उभ्या पेटीत बसविलेले असत, तिला आर्केड कपाट असे म्हणतात. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ लोकप्रिय झाल्यापासून पुढे सुमारे दोन दशके ही कपाटे अमेरिका व जपान या देशांतील करमणूकगृहांत आणि उपाहारगृहांत मोठ्या संख्येने उभी होती. एका कपाटात सामान्यतः एकच खेळ असे. आज हेच खेळ संगणकावर चालविणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच इम्युलेटर, उपलब्ध आहेत. त्यामुळे अनेक हौशी मंडळी घरीच लाकडी कपाट तयार करून त्यात एक संगणक बसवितात आणि शेकडो खेळ एकाच ठिकाणी सामावून घेतात. अशा कपाटाला मुख्य पडद्याखेरीज एक लहानसा दुय्यम पडदा जोडण्याची पद्धत या मंडळींत रूढ झाली आहे.

वरवर पाहता हा विषय विद्युत्-जोडणीचा आणि सुतारकामाचा वाटतो. तारा जोडणे हे त्यातील आवश्यक काम आहेच. परंतु त्या पडद्यावर काय लिहावे, ते कोठे दिसावे आणि केव्हा दिसावे, हे प्रश्न तारांनी सुटत नाहीत. किंबहुना हा पडदा मुळात का लागतो, याचे उत्तर भाषेच्या एका सामान्य धर्मात आहे. लेखाचा अर्थ त्यातील शब्दांवर जसा अवलंबून असतो, तसाच तो लेख ज्या वस्तूवर असतो त्या वस्तूवरही अवलंबून असतो. हा संबंध तुटला म्हणजे काय होते आणि तो पुन्हा कसा जोडता येतो, याचे उदाहरण म्हणून या लहान पडद्याचा विचार येथे केला आहे.

२. मूळ कपाटावरील लेखन

जुन्या कपाटावर लेखनाची निश्चित स्थाने होती. माथ्यावर मागून प्रकाशित केलेला शीर्षफलक असे. त्यावर खेळाचे नाव. पडद्याच्या चौकटीवर किंवा तिच्या खाली सूचनापत्र असे; त्यावर खेळाचे नियम व गुणांची कोष्टके. हात ठेवण्याच्या नियंत्रक फलकावर प्रत्येक कळीजवळ तिच्या कार्याचे नाव छापलेले असे. ‘पाँग’च्या सूचना इतक्या थोड्या होत्या की तीन लहान वाक्यांत त्या संपत. पुढे खेळ गुंतागुंतीचे झाले तसे हे लेखन वाढले.

प्रत्येक खेळाचा नियंत्रक फलक वेगळा असे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. अटारीच्या १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये दांडी नव्हती, पाच कळा होत्या : डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, पुढे जोर देणे, गोळी झाडणे आणि यान एकाएकी अदृश्य करून अन्यत्र प्रकट करणे. नाम्को कंपनीच्या १९८० च्या ‘पॅकमॅन’मध्ये खेळण्यासाठी केवळ एक दांडी होती. ‘रोबोट्रॉन : २०८४’ या १९८२ च्या खेळात दोन दांड्या होत्या, एकीने चालावयाचे व दुसरीने गोळ्या झाडावयाच्या. कॅपकॉम कंपनीच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये प्रत्येक खेळाडूला सहा कळा होत्या : ठोशाच्या तीन व लाथेच्या तीन, हलक्यापासून जोरकसापर्यंत. यांपैकी कोणत्याही कपाटासमोर प्रथमच उभा राहिलेला मनुष्य कळीजवळचा शब्द वाचून खेळावयास आरंभ करू शके.

जर्मन मानसशास्त्रज्ञ व भाषाविद् कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषामीमांसेत शब्दांच्या परिवेशाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी एक या ठिकाणी तंतोतंत लागू पडतो. काही शब्द वाक्यात येत नाहीत. ते वस्तूलाच चिकटलेले असतात. मालावरील व्यापारचिन्ह किंवा रस्त्यावरील दिशादर्शक पाटी यांचा अर्थ पूर्ण होण्यासाठी वाक्य लागत नाही, कारण वाक्याचे उरलेले काम ती वस्तूच करते. दारावरील ‘ढकला’ या एका शब्दाला कर्म नाही. दार हेच त्याचे कर्म. तोच शब्द कागदावर लिहून खिशात ठेवला तर तो अपुरा होतो. आर्केड कपाटावरील ‘गोळी’ किंवा ‘जोर’ हे शब्द याच जातीचे होत. त्यांचा अर्थ त्यांच्या स्थानावाचून उभा राहत नाही.

३. इम्युलेटरने राखलेले आणि गमावलेले

या खेळांच्या जतनाचे सर्वांत मोठे कार्य ‘मेम’ या आज्ञावलीने केले आहे. इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली; पुढे ती अनेकांच्या श्रमाने वाढली आणि २०१६ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाली. जुन्या यंत्रांची रचना बारकाईने नोंदवून ठेवणे हा आपला मूळ हेतू असून खेळ खेळता येणे हे त्याचे आनुषंगिक फळ आहे, अशी या प्रकल्पाची भूमिका आहे. यंत्रातील स्मृतिचिपांमध्ये साठविलेला मजकूर जसाच्या तसा वाचून घेतला जातो आणि त्या यंत्राचे वर्तन संगणकावर पुन्हा घडविले जाते.

परंतु चिपमध्ये जे होते तेवढेच या मार्गाने हाती लागते. कागदावर, काचेवर व लाकडावर जे होते ते चिपमध्ये नव्हते. तैतो कंपनीचा १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ याचे ठळक उदाहरण होय. त्याचे मूळ चित्र कृष्णधवल होते. पडद्यावरील हिरवे व तांबडे पट्टे रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे दिसत. उभ्या कपाटात तर चित्राचे प्रतिबिंब आरशातून रंगविलेल्या चंद्रभूमीच्या देखाव्यावर पाडलेले असे. नुसती चिप वाचून हा खेळ चालविला तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या एवढेच दिसते. मेममध्ये अशी बाह्य चित्रे पडद्यावर मांडण्याची सोय आहे, आणि तीमुळे देखावा बऱ्याच अंशी परत मिळतो. नियंत्रक फलकावरील शब्द मात्र तेथे परत येत नाहीत. कारण त्यांचे स्थान पडद्यावर नव्हतेच, ते बोटाखाली होते.

घरगुती कपाटात ही हानी दुणावते. तेथे फलक एकच, कळा त्याच आणि खेळ शेकडो. तिसरी कळ एका खेळात गोळी झाडते, दुसऱ्यात उडी मारते आणि तिसऱ्यात काहीच करत नाही. वस्तूवर कायमचा शब्द छापावा, तर तो एका खेळापुरता खरा आणि इतरांत खोटा ठरतो. म्हणून अशा कपाटांच्या कळांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते, किंवा केवळ अंक असतात. ‘हा’, ‘तो’, ‘येथे’, ‘आता’ या दर्शक शब्दांचा अर्थ जसा बोलणाऱ्यागणिक व प्रसंगागणिक पालटतो, तशी येथे कळ स्वतःच दर्शक झालेली असते. तिचा अर्थ चालू असलेल्या खेळावाचून सांगता येत नाही. परिणामी, कपाट ज्याने बांधले तो सोडून इतर कोणीही त्याच्यासमोर उभा राहिला की त्याला प्रथम विचारावे लागते : ‘कोणती कळ कशाची?’ ज्या यंत्राची ख्याती कोणालाही न शिकविता खेळता येण्याची होती, त्याला दुभाषी लागू लागतो. दुय्यम पडदा हा त्या दुभाष्याचे काम करतो.

४. पूर्वीची उदाहरणे

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. निन्टेन्डो कंपनीच्या १९८४ च्या ‘पंच-आउट’ या मुष्टियुद्धाच्या खेळात एकावर एक असे दोन पडदे होते; सामना खालच्या पडद्यावर चाले आणि वरच्यावर प्रतिस्पर्ध्यांची माहिती दिसे. याहूनही जवळचे उदाहरण म्हणजे एसएनके कंपनीची १९९० ची ‘निओ जिओ एमव्हीएस’ ही यंत्ररचना. तिच्या एका कपाटात सहापर्यंत खेळ बसविता येत. एक कपाट व अनेक खेळ हा घरगुती कपाटाचाच प्रश्न तेथे व्यापारी स्वरूपात उभा राहिला होता. त्यावर उपाय म्हणून कपाटाच्या माथ्यावर प्रत्येक खेळासाठी एक लहान शीर्षपत्र सरकविण्याची जागा ठेवलेली होती आणि जो खेळ निवडला जाई त्याच्या शीर्षपत्रामागे दिवा लागे. सहा खेळांसाठी सहा छापील पत्रे पुरत होती. शेकडो खेळांसाठी ती पुरणार नाहीत. छापील पत्राच्या जागी बदलता पडदा येणे ही त्याच विचाराची पुढील पायरी होय.

५. पडद्याची निवड

प्रचारात असलेले लहान पडदे तीन प्रकारांत मांडता येतात.

पहिला प्रकार अक्षरपडद्याचा. सोळा अक्षरांच्या दोन किंवा वीस अक्षरांच्या चार ओळी दाखविणारे द्रवस्फटिक पडदे अनेक यंत्रांवर दिसतात. ते हिताची कंपनीच्या एचडी ४४७८० या नियंत्रक चिपच्या धर्तीवर चालतात. यात प्रत्येक अक्षरासाठी पाच ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशी स्वतंत्र चौकट असते. अक्षराची उंची सुमारे साडेपाच मिलिमीटर असल्यामुळे हातभर अंतरावरून ते सहज वाचता येते. अक्षरांचे आकार चिपमध्ये पक्के कोरलेले असतात. जपानी आवृत्तीत रोमन व काताकाना अक्षरे आहेत. वापरणाऱ्याला स्वतःच्या आकृत्या घालण्यासाठी केवळ आठ जागा मोकळ्या असतात.

दुसरा प्रकार ठिपक्यांच्या पडद्याचा. एसएसडी १३०६ या चिपवर चालणारे, १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचे व ०.९६ इंच कर्णाचे स्वयंप्रकाशी पडदे स्वस्त व सुबक असतात. परंतु त्यांचा एक ठिपका सुमारे ०.१७ मिलिमीटर असतो. म्हणजे आठ ठिपके उंचीचे अक्षर दीड मिलिमीटरही भरत नाही. उभ्याने वाचावयाचे असेल तर सोळा ठिपक्यांची ओळ धरावी लागते, आणि मग पडद्यावर चारच ओळी मावतात. एकच मजकूर दीर्घकाळ स्थिर ठेवल्यास या पडद्यांचे ठिपके असमान झिजतात व त्याची पुसट छाया कायम राहते. म्हणून खेळ चालू नसताना पडदा काळा करण्याची व्यवस्था हवी.

तिसरा प्रकार संपूर्ण चित्रपडद्याचा. शीर्षफलकाच्या जागी रुंद पडदा बसवून त्यावर मूळ फलकाचे चित्र दाखविता येते. २०१९ मध्ये निघालेल्या रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकाला चित्र बाहेर देणारी दोन मुखे आहेत. त्यांपैकी एक या कामी लावता येते. देखाव्याच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत आकर्षक आहे, परंतु तो डोक्याच्या वर असतो. खेळाचे नाव तेथे शोभते. कळांचा अर्थ तेथे उपयोगी पडत नाही. कळांविषयीचा लेख कळांजवळच हवा. म्हणून मुख्य पडद्याच्या खालच्या काठावर किंवा नियंत्रक फलकाच्या मागील उतारावर लहान पडदा बसविणे अधिक युक्त होय.

६. जोडणीचा क्रम

जोडणीचे तत्त्व सरळ आहे. खेळांची यादी दाखविणारी आज्ञावली खेळ सुरू करताना दुसऱ्या एखाद्या लहान आज्ञावलीला हाक मारू शकते. रास्पबेरी पायवर प्रचलित असलेल्या ‘रेट्रोपाय’ या संचात खेळ सुरू होताना व संपताना आपोआप चालणाऱ्या दोन आज्ञापत्रांची सोय आहे. पहिल्या आज्ञापत्राला चालू होणाऱ्या खेळाच्या संचिकेचा मार्ग मिळतो. त्यातून खेळाचे संक्षिप्त नाव वेगळे काढावयाचे, एका कोष्टकात ते शोधावयाचे, त्यासमोरील मजकूर पडद्याकडे धाडावयाचा आणि दुसऱ्या आज्ञापत्राने तो पुसावयाचा, एवढेच काम असते.

अक्षरपडदा पाच व्होल्टवर चालतो आणि रास्पबेरी पायच्या टाचण्या ३.३ व्होल्टपुरत्याच सुरक्षित असतात. म्हणून दोहोंमध्ये पातळी बदलणारे लहान मंडळ घालावे. पडदा वेगळ्या सूक्ष्मनियंत्रकाला जोडून त्याला यूएसबीच्या तारेतून मजकूर पाठविणे हा दुसरा मार्ग होय. मुख्य संगणक कोणताही असला तरी तो चालतो.

या क्रमातील खरा अडसर कोष्टकाचा आहे. मेममधील संक्षिप्त नावे आरंभीच्या काळात आठ अक्षरांच्या मर्यादेत ठरविली गेली, कारण तत्कालीन संगणकप्रणालीत संचिकेचे नाव तेवढेच असू शके. त्यामुळे ‘ॲस्टेरॉइड्स’चे अनेकवचन गळून ‘ॲस्टेरॉइड’ उरले, ‘मिसाइल कमांड’चे ‘मिसाइल’ झाले आणि ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधून अवकाश नाहीसा झाला. ‘पॅकमॅन’ची नोंद ‘पकमॅन’ या मूळ जपानी नावाखाली येते. अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘पॅकमॅन’ ही तिची उपआवृत्ती ठरते. हे संक्षेप संगणकाच्या सोयीचे आहेत. ते जसेच्या तसे पडद्यावर दाखविणे म्हणजे ग्रंथाच्या नावाऐवजी ग्रंथालयातील दाखलांक दाखविणे होय. संक्षिप्त नावांपुढे पूर्ण नावे देणारी यादी मेम स्वतःच काढून देते; ती आधारास घ्यावी.

७. काय लिहावे

मजकुराचा विचार खेळाडूच्या तीन अवस्थांना अनुसरून करावा लागतो. खेळ निवडताना त्याला नाव, वर्ष व निर्माता यांची माहिती हवी असते आणि वाचावयास वेळही असतो. खेळ सुरू होताच दृष्टी मुख्य पडद्यावर खिळते; मग दुय्यम पडद्याकडे क्षणभरच नजर जाते. या अवस्थेत सरकता मजकूर निरुपयोगी होय, कारण हवा तो शब्द येईपर्यंत वाट पाहण्याइतकी सवड नसते. कळांची नावे कळांच्याच क्रमाने व स्थिर दिसली पाहिजेत. सहा कळा वर तीन व खाली तीन अशा असतील, तर शब्दही वर तीन व खाली तीन असावेत. असे केल्याने वस्तूवरून सुटलेला शब्द मांडणीच्या द्वारे पुन्हा वस्तूशी बांधला जातो. तिसरी अवस्था विश्रांतीची; तेव्हा मौन हेच उत्तम.

दुय्यम पडद्यावर गुणसंख्या दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. ही संख्या प्रत्येक खेळाच्या स्मृतीत वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र शोध करावा लागतो, आणि एवढ्या श्रमाने मिळणारी माहिती मुख्य पडद्यावर आधीच दिसत असते. याउलट मूळ कपाटावर जे दिवे लुकलुकत त्यांची स्थिती मेम दुसऱ्या आज्ञावलीला कळवू शकते. ती माहिती मुख्य चित्रात बहुधा नसते; म्हणून तिचे मूल्य अधिक आहे.

दोन दक्षता आवश्यक आहेत. मूळ सूचनापत्रातील शब्द जसेच्या तसे दिले असतील, तर तो पाठ होय. आपल्या शब्दांत सांगितले असेल, तर ते सार होय. दोहोंची सरमिसळ झाली की पुढील अभ्यासकाला मूळ कोणते हे कळणार नाही. म्हणून कोष्टकात दोन्ही रकाने वेगळे ठेवावेत. दुसरी दक्षता याहून निकडीची आहे. वापरणारा कळांची कामे बदलू शकतो, आणि मेम तो बदल खेळागणिक स्वतंत्र संचिकेत नोंदवून ठेवते. पडद्यावरील शब्द हाताने भरलेल्या कोष्टकातून येत राहिले आणि कळांची कामे मात्र बदलली, तर पडदा खोटे सांगू लागतो. निनावी कळीसमोर खेळाडू चाचपडून शिकतो; खोट्या नावाची कळ त्याला चुकीचे शिकविते. म्हणून कळांची नावे शक्य तेथे त्या संचिकेशी ताडूनच दाखवावीत.

८. देवनागरीचा प्रश्न

हा मजकूर मराठीत द्यावयाचा झाल्यास लिपीचा प्रश्न उभा राहतो. अक्षरपडद्याची चौकट रोमन लिपीच्या स्वभावाला अनुरूप आहे : प्रत्येक वर्ण सुटा, एका चौकटीत मावणारा. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, खाली अक्षराचा देह आणि त्याखाली उकार असे तीन थर असतात. आठ ठिपक्यांच्या उंचीत देहाला जेमतेम चार-पाच ठिपके उरतात. शिवाय दोन चौकटींमध्ये कोरी फट असल्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. मोकळ्या जागा आठच असल्याने एका वेळी आठांहून अधिक भिन्न आकृत्या दाखविता येत नाहीत. ‘सोळा अक्षरे’ हे मोजमापही येथे फसवे ठरते. ‘गोळी’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. संगणकाच्या साठ्यात व्यंजने व स्वरचिन्हे मिळून ती चार चिन्हे असतात. त्यातच पहिली वेलांटी साठविताना व्यंजनानंतर येते व दाखविताना त्याच्या आधी. म्हणून देवनागरीसाठी ठिपक्यांचाच पडदा घ्यावा आणि ओळीचे चित्र संगणकावर पूर्ण जुळवून मगच ते पडद्याकडे पाठवावे.

शब्दांच्या रूपाचाही निर्णय करावा लागतो. इंग्रजीत आज्ञार्थी क्रियापद व नाम यांचे रूप पुष्कळदा एकच असते आणि आदराचा भेद त्यात नसतो. मराठीत ‘मार’ लिहावे की ‘मारा’, हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. दारांवरील ‘ढकला’, ‘ओढा’ या पाट्यांनी आदरार्थी रूपाचा पायंडा पाडलेला आहे. तथापि कळीसाठी ‘गोळी’, ‘उडी’, ‘ठोसा’, ‘लाथ’ अशी नामे अधिक सोयीची वाटतात : ती आखूड असतात, आणि संबोधनाचा प्रश्नच उपस्थित करत नाहीत.

९. समारोप

आर्केड खेळांची आज्ञावली जपली गेली, यात मोठे यश आहे. परंतु खेळाडू ज्या शब्दांच्या आधारे त्या आज्ञावलीशी व्यवहार करत होता, ते शब्द लाकडावर व काचेवर राहिले आणि लाकूड मोडीत गेले की तेही गेले. दुय्यम पडदा ही हानी पूर्णपणे भरून काढत नाही. छापील शब्दाचे कळीशी असलेले अतूट सान्निध्य त्याला देता येत नाही. तरी प्रत्येक खेळाबरोबर बदलणारा शब्द योग्य वेळी, योग्य क्रमाने व योग्य जागी दाखवून तो त्या सान्निध्याच्या जवळ जातो. म्हणून असा पडदा बसविणाऱ्याने प्रथम जुन्या कपाटाची छायाचित्रे पाहून कोणता शब्द कोठे होता याची नोंद करावी. पडदा कोणता घ्यावा व तो कोठे लावावा, हे त्या नोंदीवरून ठरते.